न फुटलेल्या शेंगा

गेवराईजवळच्या उत्खननात चाळणीवर एक बाई असायची, गुडघे गेल्यामुळे ऊसतोड सोडलेली. मातीतून काही निघालं की आधी ते दाताखाली धरायची. एकदा तिनं हजारो वर्षांपूर्वीचा जळका दाणा तोंडाजवळ नेला, तेव्हा मी तिचा हातच पकडला.

"हुलगा हाय," ती शांतपणे म्हणाली.

हुलगाच होता. पण रानातला की पेरलेला, याचा आमचा आठवडाभर काथ्याकूट चालला होता. जेवताना मी तिलाच विचारलं, रानातला हुलगा शेतात कसा आला असेल?

"वाळल्या शेंगा उन्हानं फुटत्यात, दाणे उडून जात्यात. ज्या न फुटता थांबत्यात त्याच घरी येत्यात. फुडल्या साली त्यातलंच बी."

"म्हणजे तुम्ही निवडून घेता."

"आमी कुठं निवडतो? त्याच थांबत्यात आमच्यासाठी."

माझ्या टिपणात 'मानवाने बियाण्याची निवड केली' असं वाक्य होतं. संध्याकाळी ते खोडलं. त्या जागी काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

हल्ली बाजारात हुलगे घेताना मीही एक दाणा दाताखाली धरते. त्यातून काय कळतं, ते मात्र तिला विचारायचं राहून गेलं.