अण्णांची शुगरची वही

बावीस वर्षं किडनीच्या वॉर्डात सिस्टर आहे मी. किस्से गोळा करावे लागत नाहीत, राउंडबरोबर आपोआप येतात. त्यातून पेशंटला कॅन्सर आणि शुगर दोन्ही असली की विचारूच नका. कॅन्सरच्या नावानं माणूस अर्धा होतो. शुगरचं मात्र, "ती काय, घरचीच हाय."

*

नांदगावचे दगूअण्णा असेच. डावी किडनी गाठीसकट काढली. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी बजावलं, "अण्णा, आता एकाच किडनीवर संसार. शुगर वाढली तर जखम भरणार नाही, आणि उरलेली किडनीही गेली तर डायलिसिस." अण्णांनी मान डोलावली.

चार दिवसांनी पाहते तर कॉटवर पेढ्यांचा बॉक्स. गाठ गेली म्हणून अण्णा पेढे वाटत होते. "पहिला देवाला, दुसरा मला. पाव्हण्यांचं तिसऱ्यापासून."

*

अण्णांचे निफाडचे मेहुणे भेटायला आले ते द्राक्षांची पेटी घेऊन. मी डोळे वटारले.

"सिस्टर, घरच्या बागेतली हायेत. औषध लय कमी मारलंय."

फवारणी कमी म्हणजे साखर कमी. हे शास्त्र आमच्याच जिल्ह्यात सापडायचं.

*

शेजारच्या कॉटवर नाशिक रोडचे एक रिटायर्ड काका. शिकलेले, म्हणजे जास्त अवघड. टेस्टच्या आधी दोन दिवस नुसती काकडी खायचे आणि रिपोर्ट हातात पडला की जिलेबी. सरांनी एकदा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट केली. काका भयंकर चिडले.

"हे बरोबर नाही हं डॉक्टर. तीन महिन्यांचं विचारणार, तर आधी सांगायचं ना!"

*

अण्णांना घरी सोडताना सरांनी मशीन दिलं. रोज सकाळी बोटाला टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, उपाशीपोटी एकशेतीसच्या आत हवा. महिन्यानं वही आली. मोत्यासारखं अक्षर. ९८, १०४, ९६. सर इतके खूश, की ओपीडीत ती वही सगळ्यांना दाखवली. "शिका जरा अण्णांकडून."

जखम मात्र ओलीच. पुढच्या महिन्यात क्रिएटिनिनही चढलं, म्हणजे उरलेली किडनी थकायला लागली. सरांनी औषध बदललं, ड्रेसिंग बदललं, मलाही दोन शब्द सुनावले. वहीवर शंका कोण घेणार, ती तर आदर्श वही. मला खरंच भीती वाटत होती. एका किडनीची माणसं डायलिसिसला लागताना मी पाहिलीत.

तिसऱ्या खेपेला अण्णांच्या बायकोनं, विमलबाईंनी, वही माझ्या हातात दिली. त्यांच्या बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडलेली.

"विमलबाई, तुम्हालाही शुगर आहे?"

"मला? नाय ओ."

अण्णा सदऱ्याची बटणं लावत शांतपणे म्हणाले, "सिस्टर, सर म्हणले व्हते ना, आकडा एकशेतीसच्या आत पायजे. माझा काय येईना. हिचा बरोबर येतो."