निळ्या खुणांची बजावणी

कोर्टाचा हा बेलीफ, म्हणजे समन्स घेऊन पक्षकाराच्या दारात जाणारा माणूस, गावभर 'डकव्या' म्हणून ओळखला जायचा. तीन खेपा घालूनही माणूस सापडला नाही, की दारावर समन्स डकवून, शेजाऱ्याची सही घेऊनच हा हलायचा. अठ्ठावीस वर्षं लोकांनी त्याला शिव्या घातल्या, एकाने तर अंगावर कुत्रं सोडलं. पण चुकीच्या दारात त्याचा कागद कधी गेला नाही. याची त्याला घमेंड होती आणि ती खोटी नव्हती.

मग साहेबांना आधुनिक होण्याची हुक्की आली. समन्स मोबाइलवर जाणार, दोन निळ्या खुणा उमटल्या की बजावणी झाली. डकव्याला खुर्चीत बसवलं आणि शिकवायला एक कॉम्प्युटरवाली आली. जिभेला हाड नसलेली.

"काका, नुसतं बटण दाबायचं. डोकं लावायचं नाही."

हे त्याला असं झोंबलं, की त्या दिवसापासून त्याने हट्टाने डोकं लावलंच नाही. पडद्यावर दाव्याचा क्रमांक आणि फोन नंबर एवढंच दिसायचं. नाव बघायचं तर फाइल उघडावी लागे; तो उघडेना. एकदा एका नंबरवरून उलट निरोप आला, 'ही बाई कोण? हा नंबर माझा आहे.' असलं उत्तर नोंदवायला रकानाच नव्हता, आणि खुणा तर निळ्या झाल्या होत्या. त्याने 'बजावणी झाली' दाबलं. चुलीत जाऊ दे यांचं पोर्टल, एकदा तोंडावर आपटले की कळेल, असं तो मनात म्हणाला.

तोंडावर आपटली त्याची थोरली बहीण. नंबर वारलेल्या दाजींचा होता, कंपनीने तो केव्हाच दुसऱ्याला दिला होता. घरमालकाने जुन्या भाडेकरारातून तोच उचलून दाव्यात घातला. ताई हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला, आणि घर खाली करायचा हुकूम दुसऱ्या बेलीफाने तिच्या हातात दिला.

ती तडक भावाकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"समन्स बजावल्याची नोंद तुझी आहे?"

"हो."

"कोणाला जातंय ते बघितलं नाहीस?"

"नाही. निरोपही आला होता नंबर चुकीचा असल्याचा. तरी दाबलं मी. त्या लोकांनी मला नुसतं..."

"राग त्यांच्यावर आणि घर माझं?"

ताईने कोरा कागद त्याच्यापुढे धरला.

"हेच लिहून दे. वकील म्हणतात, निकाल फिरेल."

"ताई, नोकरी जाईल. दोनच वर्षं राहिलीत माझी."

"माझे आठ दिवस राहिलेत."

त्याने लिहून दिलं. तिने कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला, सही नीट बघून घेतली. सख्ख्या भावाच्या शब्दावर तिचा आता विश्वास उरला नव्हता.