बैलाच्या शेणावरच्या मैना

ग्रामसेवकांनी नोटीस माझ्या हातात दिली, तेव्हा तिच्यावरही दोन माशा येऊन बसल्या. मी झटकल्या. त्या उडाल्या आणि माझ्या मनगटावर बसल्या.

"वाचा मॅडम. महिनाभरात माशा कमी नाई झाल्या, तर गोठा गावाबाहेर हलवा. लेखी आहे."

गोठा शेवंताबाई थूल यांचा. सेलू तालुक्यातल्या एका गावात, अंगणवाडीला अगदी लागून. मी त्या भागातली सरकारी पशुवैद्यक, म्हणजे गावाच्या भाषेत ढोराची डॉक्टर. तक्रार केली होती अंगणवाडी सेविका मायाताईंनी, आणि मायाताई म्हणजे शेवंताबाईंची सख्खी धाकटी जाऊ. दोघींचं बोलणं बंद होतं.

मी आधी अंगणवाडीत डोकावले. वीसेक लेकरं खिचडी खात होती. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने माशा हाकलणं. मायाताई म्हणाल्या, "मॅडम, मले का हौस आहे का जाऊबाईच्या इरुद्ध सही कराची? पन ह्या लेकराईचं पोट बिघडलं, तर जबाबदार कोन?"

त्यांचं बरोबर होतं. मग शेवंताबाईंकडे गेले. त्या धार काढत होत्या. गाय शेपटी हाणत होती, पाय झाडत होती. धार काढणारीला धड बसूही देत नव्हती.

"गावाबाहेर माझं वावर आहे, पन तीन किलोमीटर. मी एकटी बाई. पहाटं चारले अन् सांजीले तिकडं कशी जाऊ? हलवा म्हंजे इका, असंच झालं न मॅडम?" त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून पुन्हा धार काढू लागल्या.

त्यांच्या सहा दुधाच्या गाई होत्या. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीचा स्वभाव पाठ. ही बाई गाई विकून काय करेल, याचा विचारही मला नको वाटला.

फवारणी दोनदा करून झाली होती. फवारलं की मोठ्या माशा मरतात, आठ दिवसांनी नव्या हजर. कारण माशी तयार होते शेणात. तिथे ती अंडी घालते, अंड्यातून अळी निघते, अळीची माशी होते. म्हणून मी ठरवलं, उगमालाच हात घालायचा. यासाठी खाद्यातून द्यायची एक पावडर मिळते. गाय ती खाते, पण तिचा मोठा भाग पोटात न जिरता शेणातून बाहेर येतो. त्या शेणात माशीची अळी जन्मली, की तिचं काम सुरू होतं. अळीला वाढताना कात टाकावी लागते, आणि ही पावडर तिला नवी कात बनवूच देत नाही. गाईला कात नसतेच, म्हणून तिला काही होत नाही. दुभत्या जनावरांना चालते, असं लेबलवर लिहिलेलं तपासून मी चिठ्ठी लिहिली. माप लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात, 'रोज ढेपेत मिसळून द्यावी.'

ढेप म्हणजे सरकीचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. आमच्या भागात गाईचा मुख्य खुराक तोच.

"आधीच्या माशा मरायला दोन-तीन आठवडे लागतील. धीर धरा," मी सांगितलं. ग्रामसेवकांनाही सांगितलं. अगदी छाती पुढे काढून सांगितलं, आता आठवलं की लाज वाटते.

तीन आठवड्यांनी गेले. माशा तशाच. शेडमध्ये जरा कमी वाटत होत्या, पण अंगणवाडीत तेच घोंघावणं. मायाताईंनी खिचडीच्या ताटलीवरच्या माशा मला दाखवल्या. पावडरच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, फुल डोस जाऊन राह्यला न?"

"तुमची पावडर बोगस तर नाही ना?"

"काय मॅडम! पूर्ण महाराष्ट्रात देऊन राह्यलो आपण."

मी फोन ठेवला. शेवंताबाईंनी पावडरचा डबा दाखवला. माप बरोबर होतं, एक दिवसही चुकला नव्हता. नोटिशीचे नऊ दिवस उरले होते. मी ओट्यावर बसले. एवढी वर्षं शेणात कोपरापर्यंत हात घालून काढलेली मी, आणि मला काही सुचेना.

शेवंताबाई चहा घेऊन आल्या. माझ्याबरोबर अंगणाकडे बघत बसल्या. मग अगदी सहज बोलल्या, "मॅडम, एक सांगू? मैना आता गाईच्या शेणाकडं येऊन नाई राह्यल्या."

"कुठल्या मैना?"

"त्या पाहा न. रोज सकाळी शेण उकराले येतेत. आधी दोनी ढिगावर बसत. आता पंधरा दिवस झाले, निऱ्या बैलाच्याच ढिगावर."

मी चहा खाली ठेवला. त्यांच्याकडे शेणाचे दोन ढीग होते. शेडमध्ये दुधाच्या गाई, त्यांचं शेण शेडमागे. अंगणात कडुलिंबाखाली गवळाऊ जातीची बैलजोडी, दोन भाकड गाई आणि तीन कालवडी, त्यांचं शेण तिथेच, अंगणवाडीच्या भिंतीला लागून. त्या ढिगावर सात-आठ मैना चोची मारत होत्या. एकीच्या चोचीत पांढरी अळी वळवळत होती. शेडमागच्या ढिगावर एकही पाखरू नव्हतं.

"शेवंताबाई, बैलांना पावडर देता ना?"

"बैलाले?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी ढेपीत द्या म्हनलं. बैलाले ढेप कोन देते मॅडम? दूध देते तिलेच ढेप. भाकड अन् बैल कुटारावर असतेत."

मला हसावं की रडावं कळेना. माझं बालपण नाचणगावला गेलं. आमच्या घरीही गोठा होता, आणि आई ढेपेचं घमेलं फक्त दुधाच्या गाईपुढे ठेवायची. बैलापुढे कुटार, म्हणजे सोयाबीन-तुरीचा भुसा. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. चिठ्ठी लिहिताना मात्र ते डोक्यातून पार निघून गेलं. शेवंताबाईंनी चिठ्ठी अक्षरशः पाळली होती. चूक माझी होती.

त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या न जी. आता काय कराचं ते सांगा."

दोन गोष्टी केल्या. पहिली, त्याच संध्याकाळपासून बैल, भाकड, कालवडी, सगळ्यांना मूठभर भिजवलेल्या चुनीत, म्हणजे तुरीच्या डाळीच्या चुऱ्यात, पावडर. दुसरी गोष्ट माझ्या समाधानासाठी. बैलांची पावडर सुरू करण्याआधी रंगाच्या रिकाम्या चार डब्यांत ताजं शेण भरलं. दोन डब्यांत दुधाच्या गाईंचं, दोनांत बैलांचं. अर्धा दिवस उघडे ठेवले, माशांनी अंडी घालावीत म्हणून. मग त्यांची तोंडं जुन्या लुगड्याच्या तुकड्यांनी घट्ट बांधली. गाईंना हिरवा तुकडा, बैलांना लाल.

मुदतीच्या दिवशी आम्ही सगळे अंगणात जमलो. ग्रामसेवक, मायाताई, शेवंताबाई आणि मी. मी आधी कान लावला. हिरव्या डब्यांत काहीच आवाज नाही. लाल डब्यांतून गिरणीतल्यासारखी घरघर.

"काय आहे त्याच्यात?" म्हणत ग्रामसेवकांनी मी थांबवायच्या आत लाल कापड सोडलं.

माशांचा लोंढा थेट त्यांच्या तोंडावर आला. ते मागे सरकता सरकता कडुलिंबाच्या बुंध्याला आदळले. मायाताई पदर तोंडाला लावून हसल्या. आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा शेवंताबाईंकडे बघून हसल्या.

मग मी हिरवा डबा उघडला. शेण काडीने उकललं. आत अळ्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या, सुकलेल्या, अर्ध्या कातीत अडकलेल्या. एक माशी नाही. मी तिथेच उकिडवी बसले, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. त्याच अंगणातल्या माशा, तसंच शेण. माशीने दोन्हीकडे सारख्याच विश्वासाने अंडी घातली होती. फरक फक्त एवढाच, की एक चिमूट पावडर गाईच्या चारही पोटांतून फिरून आली होती. तिथे काही न बिघडवता, शेणात पोचून तिने आपलं काम चोख केलं होतं. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांनी मात्र आज पहिल्यांदाच पाहत होते. आणि हे सगळं माझ्याआधी मैनांना समजलं होतं, मैनांचं शेवंताबाईंना. मी सगळ्यांत शेवटी.

ग्रामसेवकांनी चेहरा पुसला. "मॅडम, अजून किती दिवस पाहिजेत?"

"एक महिना."

"घ्या. पन तो डबा बांधा आधी."

महिना पुरला. माशा पूर्ण गेल्या नाहीत, त्या कुठूनही उडून येतात, आणि पावडर काही जादू नाही. मायाताई आता हात धुवायच्या जागेचं पाणी साचू देत नाहीत आणि खिचडीवर झाकण ठेवतात. पण शेवटच्या भेटीत मी लेकरांना दोन्ही हात मोकळे ठेवून जेवताना पाहिलं. शेजारच्या शेडमध्ये गाय शांत उभी होती आणि शेवंताबाईंना धार काढायला त्रास होत नव्हता. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यांनी घडी करून पावडरच्या डब्यातच ठेवलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "मैना आता बैलाकडंबी येत नाई. थोडं सुनं सुनं वाटते."

तेव्हापासून कुठल्याही गोठ्यात औषध लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, "तुमच्याकडे ढेप कोणाला देता?" लोक हसतात. डॉक्टरीणबाईला एवढंही माहीत नाही, म्हणतात. मी हसू देते आणि उत्तराची वाट पाहते.