एकट्याची कॅसेट

मांगिहुत सितुमोरांग वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. कुणी मासे धरायचं जाळं मागितलं तर हा स्वतः घरी आणून देणार. कुणाकडे मयत झाली की शवपेटीला पहिला खांदा याचाच. पण याला मानाची भारी भूक. नाही मिळाला तर ओरबाडून घेईल.

बालिगेच्या बाजारामागे माझं लापो आहे. संध्याकाळ झाली की पुरुष ताडी प्यायला येतात, आणि ताडी आली की गाणं आलंच. गाणारं त्रिकूट ठरलेलं. सहाला ताम्पुबोलोन वरच्या आवाजात चाल धरायचा, मांगिहुत त्याच्या खाली दुसरा आवाज लावायचा आणि पार्लिन गिटार वाजवत सगळ्यांत खाली घुमायचा. लग्न असो, बारसं असो, या तिघांशिवाय मांडव सुना वाटायचा. त्यात सहाला म्हणजे मांगिहुतच्या बायकोचा, तिओमिनारचा, सख्खा मोठा भाऊ. दोघं एकमेकांना ‘लाए’, म्हणजे मेहुणा, म्हणणार. आणि आमच्यात बायकोचं माहेर म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही, हे पोराला चालायच्या आधी शिकवतात.

तर एका लग्नात निवेदकानं नुसतं ‘सहालाचं त्रिकूट’ असं पुकारलं. झालं, मांगिहुतच्या नाकाला मिरची झोंबली. त्याच संध्याकाळी भरलेल्या लापोत तो म्हणाला, “सहालाचा गळा म्हणजे नुसता पत्रा. खाली मी उभा आहे म्हणून ते गाणं वाटतं.” मेहुण्याच्या तोंडावर म्हणाला हो. सहालानं ग्लास पालथा घातला आणि निघून गेला. मी मांगिहुतला म्हटलं, जा, मागं धाव, पाया पड. तर म्हणतो कसा, आता माझी स्वतःची कॅसेट काढतो, मग बघा कोण कुणाच्या पाया पडतं ते.

काढली की. मेदान शहरात जाऊन, एका चिनी माणसाच्या स्टुडिओत. गाणी आमचीच जुनी, आयाबायांच्या तोंडातली. साथीला पेटीसारखं ते विजेवरचं वाद्य, एकटंच. स्टुडिओवाल्याला यंत्रातलं सगळं कळत होतं, आमच्या गाण्यांतलं काही नाही. पाकिटावर मांगिहुतचा कोट घातलेला फोटो, मागं आमच्या गावाकाठचं तळं, आणि नाव एवढं मोठं की तळं निम्मं झाकलं.

घरी त्यानं ती दिवसभर वाजवली. तिओमिनार चुलीपाशी काम करता करता बरोबर गुणगुणायची. लहानपणापासून भावाचं ऐकलेलं, त्यामुळे तिच्या तोंडून आपोआप वरचीच चाल यायची. घरात गाणं कसं भरल्यासारखं वाटायचं. दोघांनाही शंका आली नाही. आणि मांगिहुतच्या कानात तर सहाला बसलेलाच होता, जन्मभराचा.

मग देवाचे आभार मानायला जेवण ठेवलं. अंगणात ताडपत्री, भाड्याचे भोंगे, अख्खा गाव. आता अशा जेवणाला सासुरवाडीला बोलवावंच लागतं, भांडण असो नसो. सहाला आला. रीतीप्रमाणे मसाल्यातला मासा घेऊन आला, मानाच्या चटईवर बसला. रीतीप्रमाणे उठून त्यानं बहिणीच्या आणि मेहुण्याच्या खांद्यावर मिळून उलोस, आमचं हातानं विणलेलं मानाचं वस्त्र, पांघरला आणि आशीर्वाद दिला. चेहऱ्यावर काही नाही. माहेरच्यांनी पांघरलेलं वस्त्र त्यांच्यादेखत काढत नाहीत. तिओमिनार वाढायला उठली तशी तिनं आपली बाजूही नवऱ्याच्या अंगावर सारली. मांगिहुत ताठ बसला होता. त्याचं लक्ष सगळं सहालाकडे.

कॅसेट लावली. पहिलं कडवं ठीक गेलं. लोक माना डोलवायला लागले. मग धृपद आलं, जिथं तिघं मिळून उचलायचे, आणि मांगिहुतचा आवाज सवयीनं खाली उतरला. दुसऱ्या आवाजात. वर चाल धरायला कुणीच नाही. भोंग्यातून नुसती खालची घुमघुम. ऐकताना जिना चढताना पायरी नसावी तसं झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी तरी म्हणालं, भोंगा बिघडलाय का.

मला तेव्हाच कळलं, कॅसेटभर हेच असणार. पुढच्या कडव्यानंतर पुन्हा तेच. मागं बसलेल्या एका म्हातारीला राहवलं नाही. तिनं आपली वरची चाल धरली. तिच्यात काही वाईट नव्हतं, गाणं उघडं पडलेलं तिला बघवेना एवढंच. मग तिची सून, मग बायका, मग अख्खं अंगण. सगळे मन लावून गात होते आणि मांगिहुतची कॅसेट त्यांच्या खाली साथ देत होती.

तिसऱ्या गाण्यापर्यंत मांगिहुतलाही ऐकू आलं. आपलं आपल्याला. त्याचा रंग उतरत गेला, तो मी पाहिला. तिओमिनार भाताचं पातेलं धरून उभी होती ती उभीच. घरात आपण काय गात होतो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं दोघांना. आणि सगळ्या अंगणात एकटा सहाला तेवढा गात नव्हता. ओठ मिटून माशाचे काटे काढत होता.

मांगिहुत उठला. वाटलं कॅसेट बंद करेल. पण पाहुण्यांचं गाणं मध्येच तोडायचं कुठल्या तोंडानं? तो मानाच्या चटईपुढं जाऊन उकिडवा बसला. त्या जाड वस्त्रात घामानं भिजला होता. हळू म्हणाला, “लाए, तू धर ना. चाल तुझी आहे.”

सहालानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“कसा धरू, लाए?” तो म्हणाला. “पाकिटावर एकट्याचं नाव आहे. मी मध्ये बोललो तर तुझा अपमान होईल.”

आणि स्वतःच्या पानातला काटे काढलेला मासा त्यानं मांगिहुतपुढं सरकवला. सासुरवाडीनं दिलेला घास नाकारता येत नाही. मांगिहुतनं तो तोंडात घातला.

तेवढ्यात कुणीतरी कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली. लोकांना आता गाण्याचा रंग चढला होता, पुढचं धृपद येण्याआधीच सगळे तयार होते. मांगिहुत तिथंच मान खाली घालून चावत राहिला. मला ते बघवेना, म्हणून मी उष्टी पानं उचलायला लागले. अजून निम्मे लोक जेवायचे होते.