हिरवा दिवा लागला तेव्हा
जुन्या एसीचा कोंदट वास आला की औंढ्याची बँक आठवते. वडिलांचं तेरावं उरकून मी दुसऱ्याच दिवशी तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामावर गेलो होतो. शिपाईमामा म्हणाले, “काहून आले साहेब? ऱ्हायचं ना घरी चार दिवस.” मी म्हणालो, “नेटवर्क बंद हाये ना.” एसीच्या खोलीतलं युनिक्सचं मशीन, म्हणजे बँकेचा मुख्य कॉम्प्युटर, नवं नेटवर्क कार्ड ओळखत नव्हतं. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम टाकला, सेटिंग बदललं, मशीन पुन्हा चालू केलं, काही नाही. परत तेच केलं. मनात काहीच नव्हतं. अखेर कार्डावरचा हिरवा दिवा लागला. बाहेर काउंटरवरचे कॉम्प्युटर चालू झाले तसे मामा ओरडले, “झालं बराबर!” सवयीनं केस मागे सारायला हात वर नेला, तर हाताला दहाव्याला मुंडण केलेलं डोकं लागलं. वडील गेले, हे मला तिथं कळलं. आता केस पिकलेत, तरी तो वास आला की हात आधी डोक्याकडे जातो.