गरम इंजेक्शन

कॅल्शियमचे इंजेक्शन शिरेत जाताना घशापासून पोटापर्यंत ऊब उतरत जाते. सत्तरच्या दशकात आमच्या वैराग भागात त्या उबेलाच ताकद म्हणत. बाळंतीण असो वा सुगीत दमलेला गडी, अशक्तपणावर उपाय एकच: गरम इंजेक्शन.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते. पुढे तिची हाडे दुखू लागली. मग तहान भागेना, पोट साफ होईना, आणि एका सकाळी ती नवऱ्यालाही ओळखेना. दाजींनी तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणले. मी त्याच शहरात शाळामास्तर होतो.

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी मला समजावले ते असे. रोग हाडांत पोचला होता. हाडे झिजून त्यांतले कॅल्शियम रक्तात उतरत होते, आणि त्यामुळे मेंदूवर झापड येत होती. हृदयाची लयही बिघडू शकत होती. उपाय म्हणजे आधी सलाईन. अंगातले पाणी भरून निघाल्यावरच लघवी वाढवणारे औषध, कारण ते आधी दिले तर शरीर अधिकच सुकते. सलाईनही बेताने, नाहीतर छातीत पाणी साठते. म्हणून सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन तिची छाती तपासत, लघवी मोजत.

दुसऱ्या दिवशीही अक्काने डोळे उघडले नाहीत. दुपारी भेटीच्या वेळेत दाजी गावाकडच्या कंपाउंडरला घेऊन आले. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. कंपाउंडरने पिशवीतून सिरिंज काढली आणि दाजींनी खिशातून काचेची कुपी. लेबल वाचून मी अक्काच्या दंडावर हात ठेवला.

"मास्तर, हात काढा. त्या बाटलीत निस्तं मिठाचं पानी हाय. त्यानं ताकद येती व्हय?"

"दाजी, तुमच्या कुपीत जे आहे, तेच हिच्या रक्तात जास्त झालंय. आणखी दिलं तर हृदय बंद पडू शकतं."

"आन् न दिता गेली तर?"

वर्गात मी प्रत्येक उत्तराचे कारण विचारत असे. इथे माझ्याजवळ कारण होते, हमी नव्हती. डॉक्टरांनीही ती दिली नव्हती. मी तसेच सांगितले, पण हात काढला नाही.

दाजींनी अक्काच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांनी कंपाउंडरला बाहेर थांबायला सांगितले आणि कुपी मुठीत धरून ते स्टुलावर बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काने पाणी मागितले आणि दाजींना नावे ठेवली, दाढी वाढली म्हणून. रोग गेला नव्हता. कॅल्शियम पुन्हा चढेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेवढ्यात तिला दाजींच्या खिशातली कुपी दिसली.

"माज्यासाटी आणलंय न्हवं? मग द्या की. अंगात जीव न्हाय माज्या."

मी दाजींकडे पाहिले. त्यांनी खिशावर हात दाबला.

"न्हाय," ते म्हणाले. "तुज्यात ती ताकद लई झालीया. ती उतरवायलाच तुला हितं ठेवलंय."