निजलेलं बाळ उठवणाऱ्या मावशी

निजलेलं बाळ उठवू नये, एवढी अक्कल कुणालाही असते. पण पाळणाघरवाल्या मावशी दर दोन तासांनी एकेका पाळण्यापाशी जायच्या, बाळाच्या गालाला बोट लावायच्या आणि ते भोकाड पसरेपर्यंत हटायच्या नाहीत. पोरांच्या आया वैतागायच्या. "अहो मावशी, झोपू द्या की त्याला!" मावशी म्हणायच्या, "रडू दे. रडतंय ते बरं आहे." बाईचं डोकं फिरलंय म्हणत दोघी-तिघींनी मुलं काढूनही घेतली. डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. हे खूळ लागलं एका मुलापायी.

सहा वर्षांपूर्वी कपडे शिवायच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पोरीने आपलं सहा आठवड्यांचं बाळ मावशींकडे ठेवलं. खोलीत दहा पाळणे. एकाने सूर लावला की बाकीचे साथीला. हा मात्र गप्प. दुधालासुद्धा उठवावं लागे. रडलाच तर घोगऱ्या, बसक्या आवाजात, आणि तेही लगेच थांबे. चार-चार दिवस शी नाही, कटकट नाही. मावशी जाम खूश. "हा आमचा साधू!" असं त्यांनी नावच पाडलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. मावशींना ते दिसले, थंडगार लागले, म्हणून त्यांनी त्याला मोजे घातले.

मावशींची एक वही असे. प्रत्येक मुलाचं दूध, शी, झोप रोज लिहायची. आईने काही विचारलं तर तेही. वीस वर्षांचा शिरस्ता. तिसऱ्या महिन्यात साधूच्या आईने दारातच विचारलं, "मावशी, हा फारच झोपतो हो. जीभ पण सारखी बाहेर असते. दवाखान्यात नेऊ का?"

"अगं वेडे, असलं गुणी बाळ मिळायला नशीब लागतं! शंभर मुलं गेली माझ्या हाताखालून. डॉक्टर काय, सुया टोचायलाच बसलेत."

पोरगी निर्धास्त होऊन कामावर गेली.

आठव्या महिन्यातही साधू मान धरेना, तेव्हा दोघी मिळून त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नाही. रोज एक गोळी, जन्मभर. मग म्हणाल्या, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत गोळी सुरू झाली असती तर बराचसा चारचौघांसारखा वाढला असता. आता अंग भरेल, पण डोक्याचं जे राहून गेलं ते बरंचसं परत येणार नाही. इतके दिवस काय झोपल्या होतात?"

"माझ्या लक्षात नाही आलं," आई म्हणाली. मावशींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आणि मावशी? शंभर मुलांची बढाई मारणारी बाई मूग गिळून बसली.

गोळी सुरू झाली तसा साधू रडू लागला, रांगला, तिसऱ्या वर्षी चालला. पण सहावं लागलं तरी लाल-पिवळं कळेना. शाळेने हात टेकले आणि तो पुन्हा मावशींच्याच खोलीत, दोन-दोन वर्षांच्या पोरांत येऊन बसू लागला. घरी नवरा उठता-बसता बायकोला टोचायचा, "आई ना तू? आईला कळत नाही?" ऐकून ऐकून पोरगी काडीसारखी झाली होती.

एका संध्याकाळी दोघं साधूला न्यायला आले. त्याला बुटाची नाडी बांधता येईना. नवरा सगळ्यांदेखत बायकोवर खेकसला, "बघ, बघ तुझे प्रताप!"

मावशी उठल्या. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि उभ्याउभ्या वाचली. "साधू. दूध दोनदा. शी नाही. झोप सात तास. आईने विचारलं, दवाखान्यात नेऊ का. मी नको म्हटलं."

नवऱ्याने मान खाली घातली. त्याची बायको वहीकडे बघत राहिली.

"एवढी वर्षं ही वही तुमच्या कपाटात होती?"

"होती गं. मला धीरच झाला नाही."

"मला वाटायला लागलं होतं, मी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मनाच्या समाधानासाठी आपणच रचलं, असं वाटायचं मला."

मावशी हात जोडून उभ्या राहिल्या. तिने साधूच्या बुटाची नाडी बांधली आणि त्याला घेऊन गेली.

दोन दिवस साधू आला नाही. आता ही पोरगी आपलं तोंडही बघणार नाही, असं मावशींनी धरूनच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. कामावर तर जायला हवं होतं, आणि त्याला दुसरं कुणी ठेवून घेत नव्हतं. तिने पिशवी आत ठेवली, गोळी दिली आहे म्हणून सांगितलं. मावशींकडे बघितलं नाही.

"झोपला तर उठवा," एवढं म्हणाली आणि गेली.